पेस का सांडस? जुन्या जीपची ऑइल गळती शोधताना

आमच्या ओट्यासमोर शहाबादी फरशी आहे. २०२० च्या पावसाळ्यानंतर तिच्यावर एक काळा डाग पडायला लागला. आई पहाटे सडा टाकायला निघाली की आधी त्या डागावर चुलीतली राख टाकायची, झाडूनं ती गोळा करायची आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटायची. एका सकाळी मी बॉनेट उघडून पुन्हा अर्धा लिटर ऑइल ओतत होतो, तेव्हा ती झाडू टेकवून उभी राहिली. म्हणाली, "का रे भाऊ, तुनी गाडी तेल पेस का सांडस?"

पिते की सांडते? तोवर तीन मिस्तऱ्यांनी गाडी पाहिली होती, साडेसात हजार रुपये गेले होते आणि हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही नाही.

गाडी म्हणजे १९९८ ची डिझेल जीप, चार सिलिंडरची. मी ती सेकंडहँड घेतली आणि चौदा वर्षं अमळनेरात काळी-पिवळी म्हणून चालवली. मंगळवारी स्टेशन ते मंगळग्रह मंदिर, बाकीचे दिवस धरणगाव रस्ता. आता परवाना नाही. घरचा कापूस, मका आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या बहिणी, एवढंच तिचं काम.

साडेसात हजारांची गोष्ट आधी सांगून टाकतो. थेंब पडत होता तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी. मिस्तरी खाली वाकला, थेंबाला बोट लावलं आणि म्हणाला, "मागचं ऑइल सील गेलं, जिभाऊ." गिअरबॉक्स उतरला. सील बदललं. खोललंच आहे तर म्हणून क्लच प्लेट बदलली. तिसऱ्या दिवशी फरशीवर तोच डाग, त्याच जागी, तेवढाच. मिस्तरी लबाड नव्हता. त्यानं थेंब जिथे पडत होता तिथलं सील बदललं, एवढंच. मग मी ठरवलं की आता गळतंय कुठून ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. पुढे जे केलं ते ट्रॅक्टरला, टेम्पोला, जुन्या कारलाही लागू पडतं.

आधी आईचा प्रश्न

इंजिन तेल जाळत असेल तर गळती शोधण्यात महिना फुकट जाईल, म्हणून हे पहिलं. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्टर मारण्याआधी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा बुडवून पाहा. दर वेळी तीच जागा आणि तीच वेळ. आमच्याकडे दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहितात, त्याच्याच चौकोनात मी मीटरचा आकडा आणि किती ऑइल टाकलं ते लिहीत गेलो.

मग थोडं गणित. एका मिलीलीटरचे साधारण पंचवीस थेंब धरले तर लिटरचे पंचवीस हजार होतात. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल कमी होत असेल आणि ते सगळं थेंबाथेंबानं पडत असेल, तर चाळीस मीटरला एक थेंब पडला पाहिजे. म्हणजे जवळपास विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाईतो एक. एवढं सांडणाऱ्या गाडीचं पोट इंजिनपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत ओलं असतं. पोट कोरडं आणि तरी ऑइल कमी होतंय, तर धूर बघा. धुळ्याकडून जाताना लळिंगचा घाट आहे, त्यासारख्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्येच येऊ द्या आणि खाली आल्यावर पाय दाबा. मागून निळसर धुराचा लोट आला तर ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून येऊन जळतंय. काळा धूर डिझेलचा असतो, त्याचा इथे संबंध नाही.

माझी जीप निळा धूर टाकत नव्हती आणि पोट तर म्हशीसारखं काळं चकचकीत झालं होतं. "सांडस," मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते माले तव्हयच दिखनं व्हतं."

तेल कोणतं, हेही एकदाच बघून घ्या. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. डिझेल इंजिनचं ऑइल दोन-चार दिवसांतच काळं पडतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, नाकाला विचारा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, सडक्या लसणासारखा, आणि ते बोटांत चिकट, घट्ट लागतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ती गळती नाही, डिझेल आत उतरतंय. तशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

धुणं

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि तिथेच चुकतात. खान्देशात काळ्या मातीची धूळ वर्षभर उडते, पावसाळ्यात चिखल होऊन उडते. ती गळक्या इंजिनवर बसून असा थर होतो की गळती कालची का दहा वर्षांपूर्वीची ते कळत नाही. माझ्या इंजिनच्या बाजूला बोटभर जाड थर होता. जुन्या उलथन्यानं खरवडायला लागलो तर त्यातून तेरा नंबरचा पाना निघाला. तो दोन वर्षांपूर्वी हरवला होता आणि त्यावरून मी धाकट्या शालकावर आळ घेतला होता.

इंजिन पूर्ण गार असू द्या. तापलेल्या इंजिनवर गार पाणी टाकलं तर बिडाला तडा जाऊ शकतो आणि हातही भाजतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. अल्टरनेटर आणि स्टार्टरला प्लॅस्टिक गुंडाळा, मी खताच्या गोणीतलं आतलं प्लॅस्टिक वापरलं. एअर क्लीनरचं तोंड आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी, नळी फडक्यानं बंद करा. ती फडकी धुणं झाल्यावर आठवणीनं काढा. मोजून ठेवा, तीन लावली तर तीन निघाली पाहिजेत.

मग दीड लिटर डिझेल, रंगाचा जुना ब्रश आणि कोपऱ्यांसाठी दात घासायचे दोन जुने ब्रश. वरून सुरुवात करून खाली या. डिझेल मुरू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा घासा. आसपास कुणी बिडी पेटवणार नाही हे बघा. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, ते काळं पाणी विहिरीकडे किंवा गटारीत जाऊ देऊ नका. शेवटी कोमट पाण्यात धुण्याची पावडर कालवून पुन्हा ब्रश, आणि साध्या नळीनं हलकं पाणी. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं काम लवकर होतं, पण पाणी सीलांमधून आणि वायरींच्या जोडांतून आत घुसतं. त्या पाण्याचा त्रास पुढे महिनाभर पुरतो.

मे महिना होता. आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा वाळवायची वेगळी सोय लागत नाही. बॉनेट उघडं ठेवून दोन तास उन्हात. इंजिनचा मूळ रंग कोणता हे मला त्या दिवशी कळलं.

धुताना एकही नट आवळू नका. सैल नट दिसला तर खडूनं खूण करा आणि तसाच ठेवा. आत्ता आवळलात तर गळती दोन आठवडे लपेल आणि तुम्हाला वाटेल की काम झालं.

घामोळ्याची पावडर आणि केळीचं खोकं

आता तपासणी. आमच्या घरी उन्हाळ्यात घामोळ्याची पावडर असतेच. ती मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि जिथे जिथे दोन भाग जुळतात तिथे ठोकत गेलो: टॅपेट कव्हरची म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाची कड, साइड कव्हर, ऑइल फिल्टरची मान, प्रेशर स्विच, अल्टरनेटरच्या मागे जाणारे ऑइलचे पाइप, टायमिंग कव्हर, चेंबरची म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीची कड, बेल हाउसिंग. पातळ, एकसारखा पांढरा थर हवा, पोळीला लावतो तसा. एअर क्लीनरच्या तोंडापासून आणि बेल्टपासून पावडर लांब ठेवा.

खाली केळीचं खोकं उलगडून अंथरा. रावेर-यावलकडून माल जातो त्या खोक्यांचा पुठ्ठा जाड आणि मोठा असतो, दोन खोक्यांत अख्खं इंजिन झाकतं. पुठ्ठा सरकू नये म्हणून कडेला विटा ठेवा आणि पेननं त्यावर नकाशा काढा: इथे रेडिएटर, इथे फिल्टर, इथे चेंबरचा नट, इथे बेल हाउसिंग. थेंब पडला की कशाखाली पडला ते लगेच वाचता येतं.

आणि गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, चाकांना लाकडाचे ठोकळे लावा. इंजिन चालू असताना गळ्यात रुमाल, उपरणं काही नको. फॅनला ते ओढायला क्षण पुरतो.

पहिल्यांदा गाडी दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवा आणि बघा. मग दोन किलोमीटर फिरवा आणि बघा. मग मोठा फेरा. एकदम मोठा फेरा मारलात तर ऑइल सगळीकडे पसरतं आणि धुणं वाया जातं. थोडं चालवून लगेच पाहिलं तर ऑइल उगमापासून फार लांब गेलेलं नसतं.

माझ्याकडे पहिल्या दहा मिनिटांत काहीच झालं नाही. दोन किलोमीटरनंतर बॉनेट उघडलं. पुढून सगळं पांढरं शुभ्र. पण टॅपेट कव्हरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला, दाढीचा आरसा धरून पाहिलं तर चार बोटं लांबीत पावडर तपकिरी झाली होती, चहात बुडवलेल्या टोस्टसारखी. तिथून ओली रेघ हेडच्या मागच्या बाजूनं खाली, बेल हाउसिंगच्या पाठीवरून वळून, गोलाईला धरून पार तळाशी. तळाशी थेंब लोंबत होता. ज्या थेंबाला मिस्तरीनं बोट लावलं होतं तोच. तेल वर गळत होतं आणि दोन हात खाली येऊन ठिपकत होतं. मागच्या सीलाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

आमच्या जीपमध्ये इंजिन किंचित मागे कललेलं बसतं, त्यामुळे कव्हरखालचं ऑइल मागच्या कोपऱ्यात साठतं. त्यात पुढून फॅनची आणि रस्त्याची हवा. तेल खाली जातं आणि मागे जातं, म्हणून तुम्ही उलटं जायचं: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तिच्या वर आणि पुढे कोरडं असेल तरच ती खरी. हाताला किंवा डोळ्याला न पोचणाऱ्या जागेसाठी सेल्फी स्टिकला मोबाईल लावून टॉर्चसकट व्हिडिओ काढा. भाचीनं हे सुचवलं आणि आरशापेक्षा ते बरं पडलं.

गळती कधी होते यावरूनही बरंच कळतं. फिल्टर, प्रेशर स्विच, ऑइलचे पाइप यांत ऑइल दाबानं जातं, त्यामुळे ते इंजिन चालू असतानाच गळतात आणि बंद केलं की थांबतात. चेंबरचं पॅकिंग, चेंबरचा नट हे उभ्या गाडीतही गळत राहतात, रात्रभर. पावडरीवरची खूणही वेगळी दिसते. पाझर असेल तर रेघ उतरते, दाबाची गळती असेल तर बारीक शिंतोडे उडतात. पुलीच्या मागे गोल पट्ट्यात शिंतोडे दिसले तर पुढचं क्रँक सील, कारण फिरती पुली ऑइल चहूकडे फेकते.

कुंभारीण

टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं. चार दिवस कोरडं. पाचव्या दिवशी पावडर पुन्हा भिजली, त्याच कोपऱ्यात. या जागी बहुतेक जण पॅकिंगला शिव्या देतात आणि दुप्पट सिलिकॉन फासतात. मीही ट्यूब आणली होती. पण मनात आलं की चांगलं पॅकिंग पाच दिवसांत हरतं म्हणजे आतून कुणीतरी ढकलतंय.

प्रत्येक इंजिनमध्ये रिंगांच्या बाजूनं थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, जुन्या डिझेलमध्ये जरा जास्त. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदर तुंबला की आत दाब साठतो आणि जी जागा सगळ्यात कमजोर असेल तिथून तो ऑइल बाहेर ढकलतो. मग तुम्ही एक पॅकिंग बदला, तो दुसरं शोधतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन गरम करून जागेवर चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. नाचायला लागलं किंवा उडून पडलं तर आत दाब आहे. दुसरी पद्धत रबरी हातमोज्याची. कोरोनातले मोजे घरात पडून होते. झाकणाच्या जागी मोजा ताणून बसवा, रबर बँड लावा, अर्धा मिनिट बघा. ब्रीदर मोकळा असेल तर मोजा लुळा पडून हलतो. माझा मोजा हळूहळू भरला आणि पाच बोटं ताठ करून उभा राहिला, आशीर्वाद दिल्यासारखा. आई ओट्यावर बसून हसायला लागली.

ब्रीदरची नळी काढली. नळीच्या तोंडाशी माती, घट्ट बसलेली. तारेनं टोकरली तर तिचे तुकडे निघाले आणि तुकड्यांच्या आत वाळलेले बारीक कोळी. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. मग सगळा हिशोब लागला. मार्च २०२० पासून काही महिने गाडी गोठ्यात उभी होती, रस्ते बंद होते. कुंभारणीला ती नळी आयती सापडली. पिल्लांना खायला कोळी भरून ठेवून तिनं तोंड लिंपून टाकलं. त्या मातीला कुठेतरी बारीक चीर गेली असणार, तेवढ्यावर इंजिन श्वास घेत होतं. ब्रीदरची वरची जाळी तर काजळीनं आधीच बुजली होती. गाडी पुन्हा रस्त्यावर आली आणि फरशीवर डाग पडायला लागला.

जाळी रात्रभर डिझेलमध्ये भिजवली, वाऱ्यानं मोकळी केली, नळी धुऊन वाळवली. मोजा पुन्हा बसवला. लुळा. उभ्या ठेवायच्या गाडीच्या ब्रीदरला आणि सायलेन्सरला मी आता जाळीचं फडकं बांधतो आणि स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवतो, म्हणजे स्टार्टर मारताना आठवण राहते.

ब्रीदर साफ असून मोजा ताठ होत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. तिथे कॉम्प्रेशन मोजून घ्या. त्या इंजिनला नवी सीलं घालत बसणं म्हणजे भोक पडलेल्या माठाला बाहेरून लिंपणं.

पॅकिंग बसवताना

पत्र्याचं कव्हर असेल तर नटांच्या भोकांजवळ तो पत्रा आत दबलेला असतो, कारण आधीच्या प्रत्येक हातानं तो "अजून थोडा" आवळलेला असतो. काचेवर कव्हर पालथं ठेवून पाहा. दोन भोकांच्या मध्ये फट दिसली तर लाकडावर ठेवून लाकडी हातोडीनं हळूहळू सपाट करा. एवढं केलं नाही तर नवं पॅकिंग भोकाजवळ चेंगरतं आणि मध्ये मोकळं राहतं.

जुन्या पॅकिंगचा कण न कण खरवडा. खरवडताना आत चिंध्या कोंबून ठेवा म्हणजे कचरा इंजिनमध्ये पडणार नाही. कड पुसून कोरडी ठणठणीत करा. बुचाचं पॅकिंग चांगलं असेल तर त्याला सिलिकॉन लागत नाही. कोपऱ्यात लावायचंच असेल तर शेवयीएवढी बारीक धार. जास्त लावलेलं बाहेर दिसतं तेवढंच आतही फुगतं, तुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतं. गळती थांबते आणि बेअरिंगला ऑइल पोचत नाही. असं बसलेलं एक इंजिन मी पाहिलं आहे, मालकाचा चेहरा अजून आठवतो.

नट आधी बोटांनी लावा, मग मधून सुरू करून आलटून पालटून थोडं थोडं. हातात छोटा पाना घ्या, लांब दांड्याचा घेतलात की जोर आपोआप जास्त लागतो. पॅकिंगची कड जराशी फुगलेली दिसली की थांबा. एकदा गरम होऊन गार झालं की पुन्हा हात फिरवा.

दुसरी गळती

कव्हर कोरडं झालं आणि आठवड्यानं पुठ्ठ्यावर डाव्या कडेला ठिपके. मी वैतागलो, पण हे होतंच. मोठ्या गळतीखाली छोटी झाकलेली असते. म्हणूनच एका वेळी एकच दुरुस्ती करा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर धुणं, पावडर, पुठ्ठा हे सगळं परत.

या वेळी पावडरीवर शिंतोडे होते. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनमधून ऑइल नेणारी बारीक नळी असते. पुष्कळ जणांना ती नळी ऑइलची आहे हेच माहीत नसतं. माझ्या नळीचं रबर लाकडासारखं कडक होऊन जोडाजवळ चिरलं होतं. ही गळती हलक्यात घेऊ नका. नळी फुटली तर थोड्या वेळात इंजिन कोरडं पडतं, आणि पंप गेला तर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. नवी नळी जळगावहून हायड्रॉलिकचे पाइप दाबून देणाऱ्याकडून करून आणली. ऑइल सोसणारीच नळी मागा. रेडिएटरच्या पाण्याची साधी नळी लावली तर ती ऑइलनं फुगते.

जोडाचे तांब्याचे वायसर मी तेच वापरले. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग ते नीट बसत नाही. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, बारीक पॉलिश पेपरवर गोल गोल घासा. वायसर पुन्हा मऊ होतो. चेंबरच्या नटाच्या वायसरलाही हाच उपाय. पण त्यावर खोल चरा पडला असेल तर नवा घ्या, तो काही फार महाग नसतो.

राहिलेल्या जागा भराभर सांगतो. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर बदलल्यावर लगेच गळायला लागला, तर बहुधा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आहे आणि नवी तिच्यावर बसली आहे. प्रेशर स्विचचं वायरचं टोक काढा, आत ऑइल दिसलं तर स्विच गेला, आवळून काही होत नाही. पुढचं क्रँक सील बदलूनही गळत असेल तर पुलीच्या दांड्यावर नख फिरवा. जुन्या सीलानं तिथे खाच पाडलेली असते, नवं सील त्याच खाचेवर बसून गळतं. तिथे पातळ स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असेल तर सील थोडं पुढेमागे बसवतात. मागच्या सीलाचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बेल हाउसिंगच्या आत ओलं असेल आणि गंधकाचा वास असेल, तर ते इंजिनचं सील नाहीच, गिअरबॉक्सचं आहे.

पावडरीनं जमलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी फिरवायची आणि अंधारात जांभळ्या टॉर्चनं बघायचं, गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते. धुतलेल्या इंजिनवरच त्याचा उपयोग. आणखी एक पद्धत आहे, सायकलच्या पंपाची: ब्रीदर बंद करून डिपस्टिकच्या नळीतून अगदी हलकी हवा भरायची आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. दाब दोन-तीन पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर धडधाकट सीलंही बाहेर येतील. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हे करू नका.

गळती थांबवायचं म्हणून बाटलीतलं औषध मिळतं. ते रबर फुगवतं. कडक झालेल्या सीलाला काही दिवस फरक पडतो, फाटलेल्या पॅकिंगला पडत नाही. जाड ग्रेडचं ऑइल टाकून गळती कमी झाल्याचं समाधान उन्हाळ्यात मिळतं, थंडीत सकाळी स्टार्टर कण्हतो. माझ्या गाडीत मी १५डब्ल्यू-४० वरच राहिलो. मात्र गळतं ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर यातलं काहीच करत बसू नका, गाडी उभी करा. तिथे आग लागते.

नळी बसवून पाचशे किलोमीटर झाले तेव्हा कॅलेंडरचा चौकोन पहिल्यांदा रिकामा राहिला. आईनं राख टाकणं बंद केलं, पण डाग शहाबादीत मुरला आहे, तो काही जात नाही. मागच्या डिफरन्शियलचं पिनियन सील अजून ठिपकतं, महिन्याला चारदोन थेंब, वास गंधकाचा. ते सील धुळ्याहून आणून फळीवर ठेवलं आहे. कापूस घरात आला की उतरवायला घेतो.